हायब्रीड सेट-टॉप बॉक्स: कधी चॅनेल जातात, कधी अ‍ॅप फिरत बसतात. बिघाड शोधायचा कसा?

२०१९च्या सुमारास डीटीएच कंपन्यांनी अँड्रॉइड टीव्हीवर चालणारे बॉक्स आणले. डिशच्या छत्रीवरून येणारे चॅनेल आणि इंटरनेटवरून येणारे व्हिडिओ एकाच रिमोटवर दिसू लागले. सोय मोठी झाली, पण बिघाड ओळखणे अवघड झाले. बॉक्स एक असला तरी त्यात चित्र दोन वाटांनी येते, आणि तक्रार मात्र "टीव्ही चालत नाही" एवढीच असते. मग नेटच्या दोषासाठी डीटीएचचा माणूस छत्री फिरवून जातो, किंवा एलएनबीच्या (छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) दोषासाठी घरचा राउटर बदलला जातो. पैसे जातात आणि बिघाड आठवड्याने परत येतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी कोणती वाट बंद आहे ते ठरवायचे. पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे.

लक्षणे

आपले लक्षण यांपैकी कोणते, ते आधी बघा.

- चॅनेल व्यवस्थित, पण अ‍ॅप उघडल्यावर गोल फिरत बसतो किंवा चित्र अंधूक होते. दोष नेटच्या वाटेवर.
- अ‍ॅप चालतात, पण चॅनेलवर "सिग्नल नाही". दोष छत्री, केबल किंवा एलएनबीत.
- काही चॅनेल दिसतात, काही अजिबात नाहीत, आणि न दिसणारे रोज तेच. एक तर पॅकचा प्रश्न, नाही तर बॉक्सकडून एलएनबीला पुरेसे व्होल्टेज पोचत नाही.
- चॅनेल चालू आहे, पण गाईडमध्ये (पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या यादीत) मागे जाऊन कालचा राहिलेला भाग लावला की एरर येतो. हा दोष नेटचाच. गाईडमध्ये नाव दिसते म्हणून तो भाग छत्रीवरून येतो असा समज होतो, पण जुना भाग नेटवरूनच येतो.
- वाय-फाय जोडलेले दाखवते, तरी एकही अ‍ॅप उघडत नाही. बहुधा तारीख-वेळ चुकली आहे.
- बॉक्स मध्येच आपोआप बंद होऊन परत सुरू होतो. अ‍ॅडॉप्टर किंवा उष्णता.
- आवाज येतो, पडदा काळा. बॉक्स आणि टीव्ही जोडणारी एचडीएमआय केबल किंवा पोर्ट.

क्रिकेटची मॅच अ‍ॅपवर अर्धा मिनिट उशिरा दिसणे हा बिघाड नाही. नेटवरचा व्हिडिओ काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि अडखळू नये म्हणून दोन-चार तुकडे साठल्यावरच बॉक्स तो दाखवतो. छत्रीवर हा खोळंबा फार कमी. शेजारी आधी ओरडतात म्हणून तक्रार करू नका, मॅच चॅनेलवर लावा.

पहिली तपासणी: दोन चॅनेल, एक अ‍ॅप

आधी सह्याद्री लावा, मग कन्नडचे चंदना. दूरदर्शनचे हे दोन्ही चॅनेल मोफत आहेत, त्यामुळे रिचार्ज संपले असले तरी बहुधा दिसतात. त्यानंतर यूट्यूब उघडा, कारण त्यालाही वर्गणी लागत नाही. सह्याद्री दिसते आणि पैशाचे मराठी चॅनेल दिसत नाहीत, तर छत्रीला हात लावू नका, प्रश्न पॅकचा आहे. सह्याद्रीही नाही पण यूट्यूब चालते, तर छत्रीकडे जा. यूट्यूब अडते आणि चॅनेल स्वच्छ, तर राउटरकडे. यूट्यूब चालते आणि एकच अ‍ॅप चालत नाही, तर दोष त्या अ‍ॅपचा किंवा त्याच्या वर्गणीचा.

पॅक आणि रिचार्ज

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हे कारण हमखास निघते. पत्ता कर्नाटकातला असल्यामुळे जोडणीच्या वेळी कन्नड भाषेचा पॅक टाकला जातो आणि मराठी चॅनेल वरून वेगळे जोडले जातात. पुढे कंपनीने पॅकची रचना बदलली, किंवा घरातल्या कुणी फोनवरून "स्वस्त पॅक" निवडला, की वरून जोडलेले चॅनेल गळतात. पडद्यावर तसा संदेश येतो, पण तो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला की वाचला जात नाही आणि "सिग्नल गेला" असे समजले जाते. संदेशाचा फोटो काढा, एरर क्रमांक नीट वाचा, आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालू चॅनेलांची यादी बघा.

रिचार्ज करूनही चॅनेल येत नसतील तर बॉक्स स्टँडबायवर ठेवू नका. एखाद्या चॅनेलवर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा. चॅनेल उघडण्याची परवानगी उपग्रहावरूनच बॉक्सपर्यंत येते. घरात नेट कितीही वेगवान असले तरी छत्रीला सिग्नल नसेल तर रिचार्ज लागू होत नाही.

अ‍ॅपच्या वर्गणीची तारीख डीटीएचच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. शिवाय ती वर्गणी मोबाईल क्रमांकाला जोडलेली असते. नंबर बदलला असेल, किंवा कोल्हापूरला नोकरीला असलेल्या मुलाच्या नंबरवर नोंद असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जातो. बॉक्सला दोष देण्याआधी हे विचारून घ्या.

वीज: बंद करणे म्हणजे स्विचवरून बंद करणे

रिमोटच्या लाल बटणाने बॉक्स फक्त झोपतो. भिंतीवरचा स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी फायबरचा मोडेम आणि राउटर सुरू करा, दिवे स्थिर व्हायला तीन-चार मिनिटे द्या, मग बॉक्स लावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. लाईट येताच सगळे एकदम सुरू झाले की बॉक्स नेट येण्याआधीच जागा होतो, आणि वेळ कुठूनच न मिळाल्याने जुनी तारीख धरून बसतो. या बॉक्सना स्वतःचे घड्याळ टिकवायला बहुधा बॅटरी नसते. तारीख चुकली की अ‍ॅपची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला मुदतीबाहेरची वाटतात आणि एकही अ‍ॅप जोडले जात नाही. वाय-फाय मात्र जोडलेलेच दिसते. सेटिंगमध्ये तारीख-वेळ "ऑटोमॅटिक" आहे का आणि वेळेचा पट्टा (टाइम झोन) भारताचा आहे का, ते बघा. राउटर बदलण्याच्या बेतात असलेल्या कित्येक घरांत एवढ्यानेच काम होते.

इन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स असतात, पण मोडेम दुसऱ्या खोलीतल्या साध्या प्लगवर असतो. लाईट गेली की चॅनेल चालू राहतात आणि अ‍ॅप बंद पडतात. मोडेम आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, किंवा त्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. फायबर असल्यास ऑपरेटरच्या बाजूला वीज असेपर्यंत नेट चालू राहते.

अ‍ॅडॉप्टर हाताला फार गरम लागत असेल, किंवा बॉक्स ठरावीक चॅनेलवरच बंद होत असेल, तर अ‍ॅडॉप्टर बदलून बघा. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला वीज देतो: उभ्या ध्रुवीकरणाच्या (उभ्या लहरींनी येणाऱ्या) चॅनेलांसाठी १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. थकलेला अ‍ॅडॉप्टर १३ पर्यंत साथ देतो आणि १८ला खाली बसतो, म्हणून एकच गट जातो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. पिनची जाडी आणि आतल्या टोकाची धन-ऋण खूणही जुळवून घ्या.

नेट: फोनवर नाही, बॉक्सजवळ मोजा

राउटरशेजारी बसून फोनवर ८० एमबीपीएस दिसले म्हणजे टीव्हीलाही तेवढे मिळतात असे नाही. फोन बॉक्सच्या शेजारी ठेवा, त्याच वाय-फायवर, आणि तिथे वेग मोजा. फुल एचडीला (१०८०पी) सलग ५ एमबीपीएस, ७२०पीला ३, आणि ४केला १५ किंवा जास्त लागतात. "सलग" महत्त्वाचे. क्षणभर ४० आणि पुढच्या क्षणी १ असा वेग असेल तर गोल फिरणारच.

बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, दीड फुटापर्यंत जाड. अशी एक भिंत मध्ये आली की ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय गळून पडते, आणि पावसाळ्यात भिंत ओली झाली की आणखी कमी होते. अशा घरात बॉक्स २.४ गिगाहर्ट्झवर जोडा. आसपास गर्दी असेल तर राउटरमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी वाय-फायचे मोकळे चॅनेल निवडा. राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे नको. पण या सगळ्यापेक्षा खात्रीचा उपाय लॅन केबलचा: कॅट-५ई किंवा कॅट-६, राउटरपासून थेट बॉक्सपर्यंत. बॉक्सचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असले तरी ४केला ते पुरून उरते. केबल तात्पुरती जमिनीवरून टाकून बघा. तिच्यावर अ‍ॅप नीट चालले तर दोष फक्त वाय-फायचा आहे, नेटवाल्याला बोलावून उपयोग नाही.

दुसरी फुकटची चाचणी म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. त्यावर अ‍ॅप चालले तर बॉक्स ठीक आहे, दोष राउटरमध्ये किंवा त्यापुढे. पण रोज हॉटस्पॉटवर टीव्ही बघणे परवडत नाही. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात, म्हणजे रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा अर्ध्या-पाऊण तासात संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि अ‍ॅप बिघडल्यासारखे वाटते. निपाणीच्या बाजूला आणि खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक अडचण आहे: फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, कधी कर्नाटकाचा, आणि बदलताना नेट तुटते. हॉटस्पॉटवरच चालवायचे असेल तर फोन एका जागी ठेवा. ज्या खिडकीत टॉवर बदलत नाही ती खिडकी शोधा.

रात्री आठ ते दहालाच अडत असेल तर लॅन केबल लावून सकाळी सातला आणि रात्री नऊला वेग मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. थेट केबलवरही रात्री वेग पडत असेल तर गर्दी ऑपरेटरच्या बाजूला आहे. घरात काही बदलून ती सुटणार नाही.

मोडेमवरचा पॉनचा (PON, फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएसचा (LOS, सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला किंवा लुकलुकू लागला म्हणजे फायबर तुटली आहे किंवा दुमडली आहे. खांबावरून येणारी वायर फांदी पडून तुटते. घरात ती कपाटाच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत चेमटते. फायबरला तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका. टोक काढून पुसू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका: आतला लेसर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो. लाल दिवा असेल तर तिथेच थांबा, ऑपरेटरला बोलवा.

बॉक्सच्या आत

पुष्कळ बॉक्समध्ये साठवण ८ जीबीच असते आणि त्यातली बरीच सिस्टिमच खाते. एक जीबीपेक्षा कमी मोकळी उरली की अ‍ॅप उघडून लगेच बंद होतात. न लागणारे अ‍ॅप काढा. अडणाऱ्या अ‍ॅपची "कॅश" पुसा, "डेटा" नव्हे. डेटा पुसला की पुन्हा लॉगिन करावे लागते. बॉक्स दुसऱ्या बॉक्सवर किंवा बंद कपाटात ठेवू नका.

पडदा काळा असेल तर एचडीएमआय केबल दोन्ही बाजूंनी काढून घट्ट बसवा, मग टीव्हीचे दुसरे पोर्ट वापरून बघा. ४केसाठी टीव्हीच्या पोर्टला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सुरक्षा) लागते. काही टीव्हींमध्ये ते एकाच पोर्टला असते. मध्ये स्प्लिटर किंवा स्विच असेल तर काढा.

छत्रीची वाट

बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचे पान असते. त्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक पहिलीच बघतात, पण कामाची दुसरी. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून किती ताकद येते, त्यात नुसता गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी म्हणजे त्यातले किती वाचता येते. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य, तर छत्री फिरली आहे किंवा आड काही आले आहे. दोन्ही शून्य असतील तर केबल, जोड किंवा एलएनबी. आकाश निरभ्र असताना दोन्ही आकडे बघून बॉक्सच्या तळाशी चिकटवून ठेवा. त्याशिवाय बिघाडाच्या दिवशीचा आकडा चांगला की वाईट ते कळत नाही.

पावसात चॅनेल गेले आणि पाऊस ओसरल्यावर अर्ध्या तासात परत आले तर काही करू नका. डीटीएच १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते, आणि या पट्ट्याचा सिग्नल जाड पावसात शोषला जातो. कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात हे होणारच. घरावर थेंबही नसताना चॅनेल जातात तेव्हा गोंधळ होतो. आपल्याकडून सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे बघतात, त्यामुळे वळवाचा ढग त्या बाजूला उभा राहिला की सिग्नल अडतो. मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही सकाळी उशिरा किंवा दुपारी काही मिनिटे चॅनेल जातात आणि आपोआप परत येतात.

आड आलेले झाड जमिनीवरूनच बघता येते. बेळगावहून ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी, म्हणजे फ्री डिशसाठी, दिशा उत्तरेपासून सुमारे १२८ अंश आणि उंची ६१ अंश. टाटा प्लेच्या ८३ अंशासाठी दिशा १५१, उंची ६९. एअरटेलच्या १०८.२ अंशासाठी दिशा ११२ आणि उंची फक्त ४७. उंची कमी म्हणून एअरटेलला दूरचे आंब्या-नारळाचे झाडही आड येते. फोनचे होकायंत्र वापरताना लोखंडी पाइपापासून दोन-तीन पावले दूर उभे राहा.

आता केबल. छत्रीकडून सुरुवात करू नका, बॉक्समागचा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड) आधी काढून बघा. मधली तांब्याची तार चकचकीत आणि सरळ हवी, कनेक्टरच्या कडेच्या जेमतेम बाहेर आलेली. ती काळी किंवा हिरवट पडली असेल, किंवा जाळीचा एखादा केसासारखा धागा तिला टेकला असेल, तर चॅनेल जाणारच. बोटाने कनेक्टर ओढून बघा. केबलवर नुसता अडकवलेला असेल तर हातात येतो. बॉक्सची वीज बंद करून केबल दोन इंच कापा, टोक नव्याने सोला आणि नवा कनेक्टर लावा. खर्च फार थोडा, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच सुटतात. कनेक्टरमधून पाण्याचा थेंब निघाला तर टोक कापून भागणार नाही. पाणी वरच्या टोकातून शिरून जाळीतून खाली उतरले आहे, म्हणजे पूर्ण केबल बदलायची. ती आरजी-६ घ्या, मध्ये जोड न देता. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. बाहेरच्या जोडावर रबरी सीलिंग टेप गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते.

जुन्या केबल टीव्हीचा स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) लाईनमध्ये राहून गेला असेल तर काढा. तो १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो, छत्रीच्या केबलमध्ये सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि बऱ्याच स्प्लिटरमधून एलएनबीची वीजही पुढे जात नाही. दोन टीव्ही हवे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या केबल लागतात.

कुठे थांबायचे

छत्री हाताच्या उंचीवर, सपाट गच्चीवर असेल तरच एलएनबीपर्यंत जा. एलएनबीची टोपी तडकली आहे का, तोंडाशी गांधीलमाशांचे घर आहे का, स्क्रू ढिले आहेत का, ते बघा. माश्या असतील तर हात घालू नका. छत्री दीड अंश सरकली तरी सिग्नलची निम्मी ताकद जाते, म्हणून अंदाजाने फिरवू नका. माकडांनी हलवलेली छत्री मीटर लावूनच जुळवावी लागते.

मंगलोरी कौलांवर, सिमेंटच्या पत्र्यावर, शेवाळलेल्या छपरावर चढू नका. जवळून विजेची तार जात असेल तर अजिबात नाही. वळीव दाटू लागला की गडगडाट सुरू होण्याआधीच बॉक्सचा प्लग, छत्रीची केबल आणि लॅन तिन्ही काढा. कडाडायला लागल्यावर तारांना हात लावायचा नाही. वीज पडून बॉक्स, मोडेम आणि टीव्ही एकदम गेले असतील, किंवा जळका वास येत असेल, तर काहीही पुन्हा लावून बघू नका. आधी वायरमनकडून घरची वायरिंग आणि छत्रीच्या पाइपाचे अर्थिंग तपासून घ्या. बॉक्स उघडायचा नाही. वॉरंटी जाते आणि आत घरी दुरुस्त होण्यासारखे काही नसते.

स्वच्छ आकाशात, दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलूनही क्वालिटी शून्य असेल तर डीटीएचचा तंत्रज्ञ. एलओएस लाल असेल, किंवा थेट केबलवर रात्री वेग पडत असेल, तर नेटवाला. फोन करताना ग्राहक क्रमांक, एरर क्रमांक, निरभ्र दिवसाची आणि आजची क्वालिटी, आणि सह्याद्री-यूट्यूब चाचणीत काय दिसले, एवढे जवळ ठेवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तंत्रज्ञ काम संपवून निघण्याआधी त्याच्यासमोर सिग्नलचे पान उघडा, एक उभ्या आणि एक आडव्या ध्रुवीकरणाचे चॅनेल लावायला सांगा, दोन्हींची क्वालिटी वाचा आणि बॉक्सच्या तळाचा जुना कागद काढून तिथे नवे आकडे चिकटवा.